पोतनीसांचा चौदावा मजला

पोतनीसकाकांच्या घरात भिंतीतून यायला बंदी होती. त्यात काय नवल, असं तुम्ही म्हणाल; भिंतीतून कोणीच येत नाही. पण पोतनीसांच्या या घराला भिंती नव्हत्या. छप्पर नव्हतं, दारं-खिडक्या नव्हत्या, पायाखालची फरशीसुद्धा नव्हती, कारण फ्लॅट चौदाव्या मजल्यावरचा आणि आम्ही बसलो होतो खाली वाळूत. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्याही पुढे, जिथे रस्ता संपतो आणि तो का संपला हे कोणी सांगत नाही, तिथे वाळूवर पांढऱ्या फक्कीने आखलेल्या काही रेघा म्हणजे पोतनीसांचं घर. पहिल्यांदा गेले तेव्हा मी आपली सरळ चालत गेले आणि अंथरलेल्या सतरंजीवर बसले. मी देवघरात चपला घालून शिरल्यासारखे पोतनीस माझ्याकडे बघत राहिले.

"मेधा, तू बेडरूमच्या भिंतीतून आलीस," ते म्हणाले. "परत जा. लिफ्टसमोर पॅसेज आहे, पॅसेजमधून उजवीकडे मेन डोअर. ड्रॉइंगप्रमाणे ये."

मी परत गेले. शाळेत साठ-साठ पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, भर उन्हात वाळूतून वळसा घातला, नसलेल्या पॅसेजमधून नसलेल्या दाराशी आले आणि चपला काढल्या. काढाव्या लागल्या. वाळू तापली होती, पण पोतनीसांच्या मते ती व्हिट्रिफाइड टाइल होती.

पोतनीस आमचे दुबईतल्या ऊद मेथा भागातले शेजारी, दारासमोर दार. उंच, काटकुळे, उन्हाने रापलेले. पेशाने सर्व्हेअर. इमारत उभी राहण्याआधी ती जमिनीवर नेमकी कुठे बसणार हे दुर्बीण, टेप आणि दोरी घेऊन ठरवायचं, खुंट्या ठोकायच्या, फक्की मारून आखून द्यायचं, हे त्यांचं काम. याला ते लाइन आउट म्हणत. तिशी गाठायच्या आत ते सांगलीहून इथे आले आणि आल्यापासून लोकांच्या इमारतींचे लाइन आउट करत राहिले. त्यांच्या गाडीतून शेख झायद रोडवरून जाणं ही शिक्षा असे. "ही माझी," एका हाताने स्टिअरिंग धरून ते दुसऱ्या हाताने मनोरे दाखवत. "ही माझी. ती निळी पण माझी. ही नाही, हिचा कोपरा बघ, पोरासोरांनी काढल्यासारखा." यातल्या एकाही इमारतीत ते पाया भरल्यानंतर गेले नव्हते. एकदा 'माझी'मध्ये जाऊन कॉफी पिऊ, असं माझा नवरा मिलिंद म्हणाला, तर तिथल्या सिक्युरिटीने कोणाकडे जायचंय विचारलं. पोतनीस म्हणाले, चालेल, मला फक्त कोपरा दाखवायचा होता.

शेवटी बाहेरच कॉफी घेतली; पंधरा दिरहम, म्हणजे एकशे ऐंशी रुपये, असं मिलिंदने सवयीने मोठ्यांदा म्हटलं. इथे आपण सगळेच असे पुटपुटत जगतो. पोतनीस म्हणाले, "साडेसदतीस." त्यांचा रेट अडीचचा. ते आले त्या वर्षी एका दिरहमला अडीच रुपये मिळत, आणि तो भाव त्यांनी आजन्म गोठवून ठेवला होता. त्यामुळे त्यांना इथे काहीच महाग वाटत नसे. मला आधी हे विनोदी वाटायचं. मग लक्षात आलं की घरभाडं दर वर्षी वाढत असताना शांत झोप लागण्याचा दुसरा उपाय त्यांना सापडला नसावा.

आता त्या चौदाव्या मजल्याबद्दल सांगायला हवं. इथे म्हातारं व्हायची सोय नाही. नोकरी आहे तोवर व्हिसा, व्हिसा आहे तोवर घर, बँक, गाडी, मोबाईल. नोकरी संपली की महिन्याभरात सामान बांधायचं. तीस वर्षं राहिलेला माणूसही पाहुणाच, आणि पाहुण्याने साठीनंतर उठायचं असतं. कमावता मुलगा असेल तर त्याच्या व्हिसावर राहता येतं. पोतनीसांना मूलबाळ नव्हतं. आणि परत जायचं नाव काढलं की ते चिडत. "सांगलीत मला ओळखतं कोण? भाजीवालासुद्धा मला बघून भाव वाढवतो. इथे निदान बकालावाला उधार देतो." बकाला म्हणजे आमच्या इमारतीखालचं वाण्याचं दुकान.

अशात जाहिरात आली की फ्लॅट घ्या आणि त्याच्यासोबत व्हिसा घ्या. म्हणजे नोकरी असो नसो, घर तुमचं आणि तुम्ही इथले. आज ऐकताना हसू येतं, पण तेव्हा चांगली शिकलेली माणसं पहाटेपासून बिल्डरच्या ऑफिसबाहेर रांगा लावत होती. इमारत कुठे आहे असं विचारणाऱ्याला मागासलेला समजत. पोतनीसांनी पुण्याजवळ वाकडला घेऊन ठेवलेला फ्लॅट विकला. काकूंनी तिथल्या खिडक्यांसाठी शिवून ठेवलेले पडदेसुद्धा खरेदीदाराला फुकट दिले. त्या पैशांत इथला पहिला हप्ता भरला, उरलेले पगारातून. त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले आणि मिलिंदला म्हटलं, बघ, याला म्हणतात डेअरिंग, नाहीतर तू.

मग दोन हजार आठ साल संपता संपता सगळंच बसलं. मनोऱ्यांवरच्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. शाळेत माझ्या वर्गातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होऊ लागल्या. पोरं सुट्टीत गावाला गेली ती आलीच नाहीत. पोतनीसांच्या कंपनीने त्यांना लेटर दिलं. पुढे कितीतरी वर्षं ते छोट्या-छोट्या कंपन्यांत, निम्म्या पगारावर, वर्षावर्षाच्या परवान्यावर काढत राहिले. चौदाव्या मजल्यासाठी तर खड्डासुद्धा खणला गेला नाही. प्लॉटवर फक्त एक मोठं होर्डिंग होतं, त्यावर आपल्या नव्या बाल्कनीत हसणारं कुटुंब. उन्हाने आधी त्यातला मुलगा विटून गेला, मग बायको. पुढे बरीच वर्षं त्यावर नुसते नवऱ्याचे दात होते.

दुसरा कोणी असता तर कोर्टात गेला असता किंवा दारूला लागला असता. पोतनीस शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, प्लॉटवर जाऊ लागले. आधी नुसते बघून येत. मग एका शुक्रवारी टेप, दोरी, खुंट्या आणि फक्कीची पिशवी घेऊन गेले आणि स्वतःच्या फ्लॅटचं लाइन आउट केलं. पूर्ण मापात, ड्रॉइंगप्रमाणे. जन्मभर लोकांची घरं आखली, एक आपलं आखलं तर बिघडलं कुठे, असं त्यांचं म्हणणं. आठवड्याभरात वारा ते पुसून टाकी. पुढच्या शुक्रवारी पुन्हा आखणी.

आम्हाला आग्रहाचं बोलावणं असे. काकू पोहे करून आणत, थर्मासमध्ये चहा. हॉलमध्ये सतरंजी, स्वयंपाकघरात पोह्यांचा डबा, आणि पाहुण्यांनी मर्यादेत राहायचं. माझी मुलगी सई तेव्हा चौदा वर्षांची. ती म्हणाली, "आई, धिस इज लिटरली अ पार्किंग लॉट." पोतनीस तिला शांतपणे म्हणाले, "पार्किंग बेसमेंटला आहे, बाळ. ड्रॉइंग बघ." पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी मात्र हे सगळं फार मनावर घेतलं. त्यांनी दिशा विचारल्या आणि ईशान्येला संडास आहे म्हणून हळहळल्या. पोतनीस म्हणाले, "बिल्डरकडे तक्रार करतो." सासूबाई म्हणाल्या, "कराच." मी तोंडात पदर घालून हसत होते. हसू आवरून उठले तेव्हा कळलं की इतका वेळ मी बाथरूममध्येच बसले होते.

काकूंचं गुडघ्याचं दुखणं वाढल्यावर त्यांना वाळूतून चालता येईना. मग त्या रस्त्याच्या कडेला गाडीत बसून राहत, एसी लावून. पोतनीस एकेक भिंत आखून झाली की गाडीकडे तोंड करून हात वर करीत. काकू खिडकीतून हात हलवत. हात हलला की भिंत पास. "जवळून सगळंच सरळ दिसतं," पोतनीस मला समजावत. "वाकडं लांबून कळतं. हिची नजर चांगली आहे, पहिल्यापासून." एकदा काकूंनी हात हलवला नाही, तर त्यांनी अख्खी भिंत पायाने पुसून पुन्हा आखली. नंतर कळलं की काकूंना डुलकी लागली होती.

साठी उलटल्यावर दर वर्षी व्हिसाची मुदत जवळ आली की पोतनीस केस काळे करत. आमच्या अख्ख्या इमारतीला त्यावरून कळायचं. आधी कलप लागे, मग पासपोर्ट फोटो, मग नव्या कंपनीच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला भेटायला जाताना मिलिंदचा उसना टाय. "वय विचारलं तर पंचावन्नचा वाटतो की नाही?" ते लिफ्टमध्ये विचारत. मी मान हलवी. पंचावन्नचे ते पंचावन्नाव्या वर्षीही वाटत नव्हते. मुदीर तीस-बत्तीसचा असे आणि पोतनीसांना 'अंकल' म्हणे. परत येताना पोतनीसांच्या कानशिलावर घामाने उतरलेला काळा ओघळ असे. तो बघून मला हसूही यायचं आणि कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटायची, पण कोणाच्या, ते ठरत नसे.

मग एक दिवस मिलिंदने बँकेतून बातमी आणली. तो प्रोजेक्ट अधिकृतपणे रद्द झाला होता. आज नाही, दोन वर्षांपूर्वीच. प्लॉट दुसऱ्याच कोणाच्या नावावर गेला होता. "तू सांगू नकोस," मिलिंद म्हणाला. मला आयुष्यात सांगू नकोस म्हटलेली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्याचं खापर मी माझ्या शिक्षकीपणावर फोडते. चुकीचं उत्तर वहीत तसंच राहिलेलं मला बघवत नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या शुक्रवारांचा कंटाळा आला होता. दर आठवड्याला भिंतींना वळसे घालून चहा प्यायचा, आणि म्हाताऱ्याने म्हातारीला फसवायचं, की स्वतःला, तेही धड माहीत नाही. मी खाली पार्किंगमध्ये पोतनीसांना गाठलं. ते डिकीत फक्कीची पिशवी ठेवत होते.

"काका, तो प्रोजेक्ट कॅन्सल झालाय," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली."

"माहीत आहे," ते म्हणाले. "लेटर आलं होतं. अर्धं अरबीत, अर्धं इंग्लिशमध्ये. दोन्हीकडे खलासच लिहिलेलं होतं."

"मग पैसे?"

"यादीत नाव आहे. मिळतील इन्शाल्ला, थोडे थोडे."

"आणि काकूंना?"

त्यांनी डिकी लावली आणि तिला टेकून उभे राहिले.

"तुला माहीत आहे, आम्ही इथे अकरा घरं बदलली," ते म्हणाले. "भाडं वाढलं की घर बदल. अकरा घरांत हिने भिंतीला एक खिळा ठोकला नाही. ठोकला की डिपॉझिट कापतात. देवांचा फोटो फ्रिजला टेकून, कॅलेंडर दाराच्या कडीला. मी पहिल्यांदा फक्की मारली त्या दिवशी ही आत आली, तेव्हा पाय बरे होते हिचे, आणि मला म्हणाली, इथे खिळा हवा, दत्ताच्या फोटोला. मग म्हणाली, इथे कॅलेंडरला. इथे आरशाला. घरी पोचेपर्यंत नुसती खिळे सांगत होती. मी ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीने मारलेत सगळे. सतरा आहेत." त्यांनी हाताची फक्की झटकली. "आता सांग, मी हिला लेटर वाचून दाखवू?"

 माझा मलाच राग आला. मी वर येऊन मिलिंदला म्हटलं, काकूंना सांगितलं नाही मी. तो म्हणाला, पहिल्यांदाच.

त्यानंतर वर्षभरात शेवटच्या कंपनीनेही नकाराची मान हलवली. केस काळे करूनही यल्ला, म्हणजे चला, खलास. मुदीरने म्हणे प्रेमाने खांद्यावर हात ठेवून 'हबीबी, गो रेस्ट' म्हटलं. नोकरीबरोबर हेल्थ इन्शुरन्सही गेला. सांगलीत पुतण्याने वरची खोली रिकामी करून ठेवली होती. जिना बाहेरून आहे आणि अठरा पायऱ्या आहेत, हे पोतनीसांनी मला सर्व्हेअरच्या बारकाईने सांगितलं, आणि काकूंचा गुडघा त्या चढणार कसा, हे सांगायचं टाळलं. मंगळवारचं विमान होतं. त्याआधीच्या शुक्रवारी ते नेहमीप्रमाणे निघाले. मी म्हटलं, मीही येते.

त्या दिवशी मी आत जाऊन सतरंजीवर बसणार तोच काकूंनी मला गाडीतूनच हाक मारली. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पोतनीस चाळीस-पन्नास पावलांवर वाकून खुंट्या ठोकत होते. कलप लावणं त्यांनी थांबवलं होतं. डोकं पूर्ण पांढरं झालं होतं आणि फक्की त्यात मिसळून जात होती. कोपरा काटकोनात बसतो की नाही हे ते टेपने तपासत होते, तीन-चार-पाचचं माप धरून. बसला नसावा. त्यांनी खुंटी उपटली आणि बोटभर सरकवली. आठवड्याभरात वाऱ्याने पुसून जाणारा, कधीच बांधला न जाणारा कोपरा, आणि हा माणूस त्यात बोटभराची चूक काढत होता. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला आणि इतकं भरून आलं, की मी खिडकीबाहेर बघत बसले.

"मेधा," काकू म्हणाल्या, "ह्यांनी हात वर केला की मला सांग हं."

"म्हणजे?"

"मला नाही गं दिसत एवढ्या लांबचं. मोतीबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. वर्षापेक्षा जास्त झालं."

मी त्यांच्याकडे वळले. त्या समोर बघत होत्या. डोळे नेहमीसारखेच, हसरे.

"काकांना माहीत नाही?"

"सांगितलं असतं तर ऑपरेशन इथेच करू म्हणून पुन्हा केस काळे करून नोकरी शोधत फिरले असते. त्या पोरांपुढे उभं राहायचं, अंकल म्हणवून घ्यायचं. नको." त्यांनी मांडीवरचा रुमाल घडी केला. "म्हटलं, सांगलीला गेल्यावर बघू. इथे काय, पांढरं काहीतरी हलताना दिसतं, त्या अंदाजाने मी हात हलवते. सरळच असणार की. आयुष्यभर सरळच आखलंय त्यांनी."

"तुम्हाला ठाऊक आहे का काकू, की हा प्रोजेक्ट..." माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली.

"ह्यांच्या कपाटात ड्रॉइंगच्या गुंडाळीत लेटर आहे," काकू म्हणाल्या. "तेव्हा दिसत होतं मला."

बाहेर पोतनीस सरळ उभे राहिले. कमरेवर हात ठेवून त्यांनी जरा श्वास घेतला आणि गाडीकडे तोंड करून उजवा हात वर केला.

"काकू, आता," मी म्हटलं.

काकूंनी काच खाली केली आणि हात बाहेर काढून हलवला. पोतनीसांनी मान हलवली आणि पुढच्या भिंतीला लागले.

"कुठली झाली?"

"हॉलची. आता स्वयंपाकघर घेतायत."

"ओटा खिडकीखालीच घेतलाय ना?"

तिथे ओटा नव्हता. खिडकीही नव्हती. एक म्हातारा माणूस टेपचं टोक बुटाखाली दाबून दोरी ताणत होता.

"हो, खिडकीखालीच," मी म्हटलं.

"उजेड येईल मग." त्या खिडकीकडे सरकल्या. "केवढं दिसतंय गं सगळं मिळून? मला आता अंदाजच येत नाही. लहान आहे का फार?"

होतं लहानच. एवढ्याशा जागेसाठी दोन माणसांनी वाकडचं घर विकलं होतं. मी पंचवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, चुकीच्या उत्तराला अर्धा मार्कसुद्धा दिलेला नाही.

"छान मोठं आहे, काकू," मी म्हटलं. "ऐसपैस आहे."

पोतनीसांनी पुन्हा हात वर केला. मी सांगितलं तसा काकूंनी हात हलवला, पण या खेपेला त्या भलत्याच दिशेला बघून हलवत होत्या. तिकडे नुसती वाळू होती. मी त्यांचा खांदा धरून हलकेच डावीकडे वळवला, आणि त्या हात हलवत राहिल्या, ते खाली वाकून पुढची खुंटी ठोकायला लागेपर्यंत.